पाच-दहाची लाल पट्टी

जिल्हा परिषदेच्या वाहतूक विभागातून ताराल्डचा फोन आला तेव्हा गुन्वोर बटाटे सोलत होती. तिनं फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला. सुरी मात्र हातातच ठेवली.

"गुन्वोर, एक छोटीशी विनंती होती," ताराल्ड म्हणाला. आवाज कसा, लोण्यासारखा. "तुमच्या बेटाच्या वेबसाइटवर बोटींचा तो चार्ट आहे ना, तो निर्णय होईपर्यंत जरा काढून ठेवाल का? लोकांचा उगाच गैरसमज होतो."

"कसला गैरसमज?"

"की बोट येत नाही."

"अहो, मग येतच नाही!"

"कंपनीचा अहवाल आहे आमच्याकडे. संध्याकाळची पाच-दहाची बोट सत्त्याण्णव टक्के वेळा सुटते."

"सुटते हो, सुटते! तुमच्याकडून सुटते. माझ्या धक्क्याला लागते का, ते विचारा की त्यांना एकदा."

"हे बघा, तुमच्या भावना मी समजू शकतो..."

"ताराल्ड, मी एकतीस वर्षं या बेटावर पाऊस मोजला. हवामान खात्यानं एकदाही फोन करून म्हटलं नाही, की बाई, जरा कमी लिहा, पर्यटकांचा गैरसमज होतो. चार्ट राहणार. बटाटे करपायच्या आत ठेवते फोन."

बटाटे अजून पाण्यातसुद्धा पडले नव्हते. सोफ्यावर पडलेला आयविन, म्हणजे तिचा नवरा, पोट धरून हसत होता.

आता हा चार्ट काय, आणि त्यानं जिल्हा परिषदेच्या पोटात का दुखावं, ते सांगायला हवं. आमच्या स्कार्वोया बेटावरचं हवामान केंद्र गुन्वोरच्याच परसात होतं. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात. पावसाचं भांडं, वाऱ्याची दिशा, लाटांची उंची. स्वतःच्या लग्नाच्या पन्नाशीपर्यंत तिनं हे काम केलं असतं, पण खात्यानं एक दिवस खांबावर यंत्र बसवलं आणि आभाराच्या पत्रासोबत तिला भिंतीवरचं घड्याळ पाठवलं. घड्याळ तिनं कोंबड्यांच्या खुराड्यात टांगलं. पण हाताची सवय अशी जाते थोडीच? काहीतरी बघायचं आणि जसं दिसलं तसं लिहायचं, याशिवाय तिचा दिवस सरेना.

तेवढ्यात आयविनच्या मूत्रपिंडांनी संप पुकारला. दोन वर्षं झाली त्याला. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळच्या बोटीनं शहरात जायचं, हॉस्पिटलात चार तास मशीनला जोडून घ्यायचं आणि पाच-दहाच्या बोटीनं घरी यायचं. पाच वाजून दहाला सुटणारी ती शेवटची बोट. गुन्वोरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून धक्का दिसतो. नवरा उतरतोय का हे बघता बघता ती वहीत लिहायला लागली. आली. आली. नाही आली.

यात एक मेख होती. पाच-दहाची बोट शहरातून निघून तीन बेटं करते, त्यात आमचं पहिलं. कप्तानाला समुद्र खवळलेला वाटला, किंवा त्याला उशीर झाला, किंवा सकाळी बायकोशी भांडण झालं असलं, की शहरातल्या धक्क्यावर भोंगा ओरडतो: 'आज स्कार्वोयाला बोट लागणार नाही.' झालं! आमची माणसं पिशव्या घेऊन धक्क्यावर उभी, आणि बोट पुढच्या बेटांना जाऊन येते. कंपनीच्या अहवालात लिहिलं जातं: सुटली. त्याच्या शेजारच्या रकान्यात: स्कार्वोयाला उतरलेले प्रवासी, शून्य. म्हणजे आम्हाला चढू द्यायचं नाही, आणि वर बोंब मारायची की बघा, कोणी चढतच नाही! या दोन रकान्यांच्या जोरावर परिषदेनं ठरवलं होतं, की सप्टेंबरपासून पाच-दहा बंद. बावीस मेला समितीची सभा, तिथं शिक्कामोर्तब व्हायचं बाकी होतं.

बोट बंद झाली तर मशीनवरून उतरलेल्या माणसानं घरी कसं जायचं? नगरपालिकेकडे उत्तर तयार होतं. त्यांनी दोघांना शहरात तळमजल्यावरचं एक घर दाखवलं. नवा रंग, रुंद दारं, न्हाणीघरात धरायला दांडे. खिडकीतून पार्किंग दिसायचं. आयविन त्या खिडकीपाशी बराच वेळ उभा राहिला आणि परतीच्या बोटीत म्हणाला, "पाच-दहा गेली तर मी मशीन सोडीन."

"काहीतरीच बोलू नकोस."

"तिथं राहायला मी जाणार नाही, गुन्वोर."

उद्या होडीला रंग देईन म्हणावं, इतक्या साधेपणानं तो बोलला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस थट्टा कधी करतो आणि कधी करत नाही, हे तिला पुरतं कळलं होतं. त्या दिवसापासून वहीतलं लिहिणं हा चाळा राहिला नाही.

सुरुवातीला ती वहीतले आकडे स्प्रेडशीटमध्ये भरायची, महिन्याच्या शेवटी चार्ट काढायची, त्याचा फोटो करून बेटाच्या वेबसाइटवर चिकटवायची. मार्चमध्ये आयविनला न्यूमोनिया झाला आणि चिकटवायचं राहून गेलं. नेमका त्याच महिन्यात परिषदेच्या बैठकीत कुणीतरी हसून म्हणालं, "बेटावरची माहिती शिळी असते बुवा, माशांसारखी तरी ताजी ठेवा!" सगळे हसले. गुन्वोरच्या डोक्यात तिडीक गेली. आयविन मशीनवर असताना त्या चार तासांत ती शहरातल्या वाचनालयात जाऊन बसायला लागली. तिथं दर बुधवारी ज्येष्ठांना संगणक शिकवतात.

तिथं तिला कळलं, की फोटो चिकटवायची गरजच नाही. शीटमधूनच चार्ट 'वेबवर प्रसिद्ध' करायचा, ती कोडची एक ओळ देते, ती ओळ आपल्या पानात टाकायची. मग पानावर जे दिसतं ते चित्र नसतं, खिडकी असते. इकडे शीटमध्ये आकडा भरला, की पाचेक मिनिटांत तिकडे चार्ट आपोआप बदलतो. कोणी विसरायचा प्रश्नच नाही.

पहिल्या खेपेला तिनं घोळ घातलाच. एका चार्टऐवजी अख्खी शीट प्रसिद्ध झाली, शेऱ्यांच्या रकान्यासकट. तो रकाना ती फक्त स्वतःसाठी लिहायची. 'समुद्र ताटासारखा सपाट. कप्तान आळशी.' 'आयविन पुन्हा शहरात, चुलतभावाच्या सोफ्यावर.' 'कप्तानानं हात हलवला आणि तसाच पुढे गेला. गाढव.' चार दिवस हे सगळं जगजाहीर होतं. दुकानवाल्या माग्नहिलनं तर त्याची छापील प्रत काढून कॉफीच्या मशीनशेजारी टांगली. गुन्वोरला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बेटावरच्या एकोणसाठ माणसांनी तो चार्ट तेव्हाच आपला मानला.

नंतर तिनं नीट बसवलं. दोन चार्ट: वर 'हा महिना', खाली 'गेलं वर्ष'. प्रत्येक दिवसाला एक पट्टी. बोट धक्क्याला लागली तर निळी, नाही लागली तर लाल. गेल्या वर्षात बासष्ट लाल. शेजारच्या बेटांनाही आपापल्या पानांवर लावता यावा, म्हणून प्रत्येक चार्टखाली त्याची कोडची ओळसुद्धा तिनं ठेवली होती. ज्याला हवी त्यानं न्यावी.

आणि मग आला मे महिना. आली का पंचाईत! एक तारखेपासून बोट रोज यायला लागली. अगदी घड्याळाच्या ठोक्याला. सतरा मेला, आमच्या राष्ट्रीय दिवशी, तिच्यातून शाळेचा बँड उतरला, झेंडे काय, टोप्या काय! सभा जवळ आल्यावर कंपनीला शहाणपण सुचलं, हे न कळायला आम्ही काही कुक्कुली बाळं नव्हतो. पण चार्टवर एकामागोमाग एक निळी पट्टी उभी राहत होती.

अठरा तारखेला माग्नहिल दुकानाच्या गल्ल्यावरूनच ओरडली, "अगं, तुझा हात जरा आवर की! चार दिवस भरूच नकोस. रिकामं ठेव."

"बोट आली ना?"

"आली, पण..."

"मग आली."

"गुन्वोर, तू कोणाच्या बाजूनं आहेस? बाविसाव्या तारखेला त्यांच्या हातात आयतं कोलीत देतेयस तू!"

"मी खिडकीच्या बाजूनं आहे," गुन्वोर म्हणाली. "आलेली बोट मी नाही आली म्हणून लिहायला लागले, तर माझ्यात आणि कंपनीत फरक काय राहिला? दूध दे दोन लीटर."

माग्नहिलनं दूध दिलं, पण उरलेले पैसे देताना नेहमीसारखी दोन शब्द बोलली नाही. घरी परतताना गुन्वोरला आणखी दोघं भेटले. दोघांनीही मान वळवली. ती घरी आली ती रडवेली होऊन, पण आयविनसमोर म्हणाली, वारा फार आहे बाहेर, डोळ्यांत गेला.

सोमवारी माग्नहिलची भीती खरी ठरली. परिषदेच्या वेबसाइटवर सभेचं पान झळकलं, आणि त्यात मधोमध कोणाचा चार्ट? गुन्वोरचा! 'हा महिना' तेवढा उचललेला, खालचा वर्षाचा सोडून दिलेला. त्याखाली ठळक अक्षरांत: 'स्कार्वोयाच्या रहिवाशांच्या स्वतःच्या नोंदीही दाखवतात, की पाच-दहाची बोट नियमित येते. तरीही तिला प्रवासी नाहीत.'

"हा ताराल्ड!" गुन्वोरनं टेबलावर मूठ आपटली. "तोंडावर काढ म्हणाला आणि पाठीमागून चोरून नेला! माझीच नोंद माझ्याच गळ्याला!"

आयविन नुकताच मशीनवरून परतला होता. डायलिसिसच्या दिवशी त्याचा चेहरा ओल्या पिठाच्या रंगाचा होतो. तो तिच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत राहिला.

"आजची भरलीस?" त्यानं विचारलं.

"भरते आता. आलास ना तू. निळी."

तिनं सोमवारची पट्टी भरली. रागारागात चहाचं आधण ठेवलं. परत येऊन बघते तो परिषदेच्या पानावर विसाव्या तारखेची निळी पट्टी उगवलेली! तिनं डोळे चोळले. पान बंद करून पुन्हा उघडलं. पट्टी होतीच.

"आयविन," ती हळूच म्हणाली, "त्यानं फोटो नाही काढला. त्यानं खालची ओळ नेलीय. त्यानं माझी खिडकीच नेऊन आपल्या भिंतीत बसवलीय."

आयविनला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्याचा रंगच पालटला. "म्हणजे तू इथं काही लिहिलंस, तर ते परिषदेच्या पानावर दिसणार?"

"पाच मिनिटांत."

"त्यांच्या शिक्क्याखाली?"

"त्यांच्या शिक्क्याखाली."

"मग कर की लाल! अख्खा महिना लाल कर! नाहीतर वरच्या शीर्षकात लिही, की ताराल्ड गाढव आहे."

तिचं बोट खरोखरच शीर्षकावर गेलं. खोटं कशाला बोला, तिला फार मोह झाला. कर्सर तिथं लुकलुकत होता. या माणसानं मशीन सोडलं तर किती दिवस जगेल, हे तिनं डॉक्टरला विचारून घेतलं होतं. दोन आठवडे.

मग तिनं लॅपटॉप मिटला.

"नाही," ती म्हणाली. "एक पट्टी जरी मी खोटी रंगवली ना, तर मागच्या बासष्टही खोट्या ठरतील. ते त्याचीच तर वाट बघतायत. बुधवारी मी जाणार, आणि जे आहे ते घेऊन जाणार."

"आणि बुधवारीही निळी असली तर?"

"तर निळी लिहीन आणि भांडेन."

आयविननं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि आत जाऊन पडला.

बुधवारी दोघं सकाळच्या बोटीनं निघाले. सभा चार वाजता. वा रे नियोजन! पाच-दहाच्या बोटीवर चर्चा, आणि तिला जो हजर राहील त्याची पाच-दहा चुकलीच समजा. गुन्वोरनं चुलतभावाच्या सोफ्यावर झोपायचं ठरवलं. आयविनला मात्र मशीननंतर आपला पलंग हवा होता, शिवाय कोंबड्या होत्या. "मी जातो घरी, तू लढ," असं म्हणून तो हॉस्पिटलकडे वळला.

परिषदेचं सभागृह धक्क्यापासून तीनशे पावलांवर. आत पडद्यावर सभेचं पान उघडून ठेवलेलं, मधोमध एकवीस निळ्या पट्ट्या. समितीची अध्यक्ष राग्ना, पासष्टीची, कमी बोलणारी बाई. कॉफी, वाफल, वर तपकिरी चीज. ताराल्ड गुन्वोरला पाहून स्वतः उठून आला आणि म्हणाला, "तुम्ही आलात, फार बरं वाटलं."

"वाटेल, वाटेल," गुन्वोर म्हणाली. वाफलला तिनं हात लावला नाही.

ताराल्डनं तासभर सादरीकरण केलं. शेवटी पडद्याकडे हात करून म्हणाला, "आणि यावर तर वादच नाही, कारण ही नोंद बेटावाल्यांचीच आहे." पाच वाजून दोन मिनिटांनी गुन्वोरचा फोन खिशात थरथरला. ती दाराशी गेली.

"भोंगा ओरडला," पलीकडून आयविन दमलेल्या आवाजात म्हणाला. "स्कार्वोयाला लागणार नाही. कोळंबीच्या खोक्यांनी उशीर झाला, म्हणून वेळ भरून काढतायत. समुद्र बशीतल्या दुधासारखा आहे, गुन्वोर. आणि मी इथं कट्ट्यावर बसलोय."

"सुटली बोट?"

"अजून नाही."

"मग सुटली की कळव."

"अगं, आत्ताच भर ना! सांगितलंय त्यांनी!"

"सांगण्यावर मी काही लिहीत नाही. कप्तानाचा विचार बदलला तर? गेली की कळव."

आयविननं एक शिवी हासडली. कोणाला, ते तिनं विचारलं नाही.

पाच वाजून आठ मिनिटांनी राग्नानं तिचं नाव पुकारलं. बेटावाल्यांना तीन मिनिटं. गुन्वोर एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात वही घेऊन माइकसमोर उभी राहिली. ती म्हणाली, की पडद्यावरची नोंद माझी आहे आणि खरी आहे. या महिन्यात बोट रोज आली. पण हा एका महिन्याचा चार्ट आहे, त्याच्याखाली वर्षाचा होता, तो कोणीतरी गाळला.

"पण वर्षाच्या आकड्यांबाबत कंपनीची नोंद वेगळी आहे," ताराल्ड मध्येच म्हणाला. "कोणाचं खरं मानायचं, हा प्रश्न उरतो."

"उरतो ना?" गुन्वोर म्हणाली. "थांबा मग."

पाच वाजून अकरा मिनिटांनी फोन थरथरला. एकच शब्द: गेली.

तिनं तिथंच, सगळ्यांच्या देखत, अंगठ्यानं शीट उघडली आणि बावीस तारखेपुढे लिहिलं: नाही आली. राग्नानं टेबलावरची घंटा वाजवली. तीन मिनिटं संपली होती, आणि गुन्वोरला हवी होती अजून पाच.

"वेळ झाली," राग्ना म्हणाली.

"बोटीची पण झाली. ती गेली. मला आता घाई नाही." तिनं वही उघडली. "चार जून, नाही आली, समुद्र शांत. अकरा जून, नाही आली, दाट धुकं, हे मी कबूल करते. एकोणतीस जून, नाही आली, माझा नवरा हॉस्पिटलातून येऊन धक्क्यावर अडीच तास..."

घंटा पुन्हा वाजली. "गुन्वोर, नियम सगळ्यांना सारखे आहेत."

"सारखे? एकदा बेटावर येऊन बघा किती सारखे आहेत ते! सात जुलै, नाही आली. एकतीस वर्षं मी सरकारला दिवसातून तीनदा कळवलं, आणि सरकारनं ते मुकाट लिहून घेतलं. आज बासष्ट ओळी ऐकायला काय धाड भरलीय? आठ जुलै, नाही आली. कप्तानानं हात हलवला. मला उचलून बाहेर काढायचं असेल तर काढा, पण मी एकाहत्तर वर्षांची आहे आणि फोटो सगळ्या पेपरात येईल."

मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं. राग्नानं घंटेवरचा हात मागे घेतला. गुन्वोर वाचत राहिली. ऑक्टोबर, नोव्हेंबर. तिचा आवाज तसूभर खाली आला नाही. जानेवारीतल्या ओळी लवकर संपेनात. एप्रिलचा शेवट आला तेव्हा तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून अठरा.

"झालं माझं," ती म्हणाली. "फक्त एक करा. पडद्यावरचं ते पान पुन्हा उघडा."

"कशासाठी?" ताराल्डनं विचारलं.

"तुमचंच पान आहे. बिचकताय कशाला?"

राग्नानं मान हलवली. ताराल्डनं बटण दाबलं. पान क्षणभर पांढरं झालं. मग परिषदेचा शिक्का आला, मग निळ्या पट्ट्या, एकवीस, आणि त्यांच्या शेवटी एक लाल.

लाल पट्टीच्या बरोबर खाली ठळक अक्षरं होती, 'पाच-दहाची बोट नियमित येते.'

"हे... असं कसं?" ताराल्डचे कान लाल झाले. "मी तर चित्र लावलं होतं."

"चित्र नाही ते. खिडकी आहे. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरातून उचलून आणलीत, आता बघा तिच्यातून."

राग्ना पुढे वाकली. "बावीस तारीख म्हणजे आज. आज बोट लागली नाही?"

"आठ मिनिटांपूर्वी गेली. तीनशे पावलांवरून. हवं तर धक्क्यावर कोणाला पाठवा."

राग्ना ताराल्डकडे वळली. "आजची बोट कंपनीच्या अहवालात कशी लिहिली जाईल?"

ताराल्डनं कागद चाळले. तो वाईट माणूस नव्हता, आणि खोटं बोलायचा त्याला सराव नव्हता. "सुटली," तो म्हणाला.

"आणि स्कार्वोयाला उतरलेले प्रवासी?"

"शून्य."

तेवढ्यात दार उघडलं. आयविन आत आला, एका हातात हॉस्पिटलची पिशवी, दंडावर पट्टी, चेहरा ओल्या पिठासारखा. तीनशे पावलं त्याला जड गेली होती. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"आपण कोण?" राग्नानं विचारलं.

आयविननं पडद्याकडे पाहिलं, मग ताराल्डकडे. "ते शून्य," तो म्हणाला. "आत्ता तुम्ही म्हणालात ना, स्कार्वोयाला शून्य उतरले. ते शून्य मी. मला बसायला खुर्ची मिळेल का?"

स्वतःची खुर्ची सगळ्यात आधी ताराल्डनं उचलून आणली, हे मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

मतदान झालं. सात विरुद्ध दोन: बोट बंद करायचा प्रस्ताव मागे. पुढचं वर्षभर ती सुटली की नाही हे मोजायचं नाही, कोणत्या धक्क्याला लागली ते मोजायचं. आणि मोजणार कंपनी नव्हे, परिषद.

बाहेर पडताना ताराल्ड जिन्यात आडवा आला. "गुन्वोर, तो चार्ट... आमच्या पानावरून मी आता काढून टाकू का?"

"का? लोकांचा गैरसमज होईल?"

ताराल्डनं बाजूला होऊन वाट दिली.

"राहू दे," ती म्हणाली. "तुम्हाला काही कष्ट नाहीत. तो आपला आपण भरत जाईल."

त्या रात्री दोघंही चुलतभावाकडेच झोपली. सोफा आयविनला, गुन्वोरला जमिनीवर गादी. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचल्या पोचल्या तिनं आधी कोंबड्या सोडल्या. संध्याकाळी पाच-दहाची बोट आली. वेळेवर आली, वर कप्तानानं तीनदा भोंगा वाजवला, अख्ख्या बेटाला ऐकू जाईल असा.

माग्नहिल दुकान उघडं टाकून धावत आली आणि खिडकीबाहेरून ओरडली, "आज तरी लाल कर! एक दिवस! त्या गाढव कप्तानाची जिरू दे!"

गुन्वोरनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं चष्मा लावला, धक्क्याकडे नीट बघून घेतलं, आणि निळी भरली.